अँजिओग्राफीतला ‘रंग’ : भीती किती, काळजी किती?

अँजिओग्राफी म्हणजे काय, हे आता कोणाला समजावून सांगावे लागत नाही. जिना चढताना छातीत भरून येऊ लागले, चालताना पोटऱ्या दुखून मध्येच थांबावे लागू लागले, की डॉक्टर कागदावर तो शब्द लिहून देतात आणि घरात बैठक बसते. खर्च किती येईल, रजा किती काढावी लागेल, सोबत कोण जाईल, हे सगळे ठरते. एवढ्यात कोणी अनुभवी गृहस्थ म्हणतात, ‘‘अहो, ते अंगात रंग सोडतात. त्याने किडनी जाते. आमच्या साडूचे तसेच झाले.’’ झाले! तपासणी पुढे ढकलली जाते. दिवाळीनंतर बघू, मुलीचे लग्न उरकू दे, मग बघू. हृदयाची नस मात्र कोणाच्या दिवाळीसाठी थांबत नाही.

माझ्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांनी या एका वाक्यापायी आठ महिने तपासणी टाळली. शेवटी एके रात्री त्यांना रिक्षातून रुग्णालयात न्यावे लागले. ते वाचले, परंतु हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा झाला. आणि गंमत अशी, की त्या रात्री त्यांना तोच रंग टोचावा लागला, आणि त्यांची मूत्रपिंडे आजही उत्तम काम करीत आहेत.

याचा अर्थ हा रंग अगदी निरुपद्रवी आहे, असा नाही. तो कोणाला त्रास देऊ शकतो, कोणाला देत नाही, आणि आपण आधी काय सांगितले तर तो त्रास टळतो, हे साध्या भाषेत मांडावे एवढाच या लेखाचा हेतू आहे. मी डॉक्टर नाही, बँकेत कारकुनी करणारा माणूस आहे. कोणी कोणती तपासणी करून घ्यावी, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. सही करण्यापूर्वी कागद वाचावा, हे सांगण्याचा अधिकार मात्र नोकरीने दिला आहे.

आधी ‘रंग’ या शब्दाविषयी. हा रंग लाल, निळा असा काही नसतो. बाटलीत तो पाण्यासारखा नितळ दिसतो, फक्त जरा दाटसर असतो. इंग्रजीत त्याला डाय म्हणत आले, त्याचा आपण रंग केला. डॉक्टर मंडळी त्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात. क्ष-किरणांच्या चित्रात हाड पांढरे दिसते, कारण हाडातील कॅल्शियम किरणांना अडवते. रक्त आणि त्याच्या भोवतीचे मांस यांतून मात्र किरण सारखेच आरपार जातात, त्यामुळे रक्तवाहिनी वेगळी दिसतच नाही. ती दिसावी म्हणून रक्तात किरणांना अडवणारे काहीतरी मिसळावे लागते. जड मूलद्रव्ये हे काम करतात, आणि आज त्यासाठी आयोडीन वापरतात. मनगटातून किंवा जांघेतून एक बारीक नळी रक्तवाहिनीत सरकवून हृदयाशी नेतात, तिच्यातून हे द्रव सोडतात आणि काही सेकंद चित्रण करतात. जेथे प्रवाह अरुंद दिसतो तेथे अडथळा आहे असे समजायचे. सी.टी. अँजिओग्राफीत नळी आत न्यावी लागत नाही, हाताच्या शिरेत इंजेक्शन देतात. द्रव त्याच जातीचे.

आता किरणांना अडवणारे जड द्रव्य जिवंत माणसाच्या रक्तात सोडायचे आणि त्याला इजाही होऊ द्यायची नाही, हे जमायचे कसे? ते जमायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले ते नोव्हेंबर १८९५ मध्ये. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये, व्हिएन्ना येथे हाशेक आणि लिंडेनथाल या दोघांनी एका निर्जीव हातातील रक्तवाहिन्यांचे चित्र काढले. त्यासाठी त्यांनी चुना, पाऱ्याचा अंश असलेला हिंगूळ आणि पेट्रोलियम यांचे मिश्रण भरले होते. चित्र घ्यायला ५७ मिनिटे लागली. जिवंत माणसाला हे मिश्रण टोचले असते तर चित्र निघेपर्यंत माणूस उरला नसता.

जिवंत माणसासाठीचा धागा सापडला तो अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये. तेथे उपदंशाच्या रुग्णांना सोडियम आयोडाइड देत असत. अशा रुग्णांचे मूत्र क्ष-किरणांत दिसते, असे १९२३ मध्ये तेथील डॉक्टरांनी प्रसिद्ध केले. तिकडे पोर्तुगालमध्ये, लिस्बन येथे, एगाश मोनीश हे मज्जाविकारांचे डॉक्टर मेंदूतील रक्तवाहिन्या पाहण्याच्या खटपटीत होते. त्यांनी आधी स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड वापरून पाहिले, त्यात एक रुग्ण दगावला. मग ते सोडियम आयोडाइडकडे वळले आणि जून १९२७ मध्ये जिवंत माणसाच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांचे चित्र त्यांना मिळाले. परंतु सोडियम आयोडाइड झोंबणारे होते. रुग्णाला वेदना होत. यापेक्षा सौम्य काहीतरी हवे होते.

ते मिळाले असे सर्वांना वाटले, आणि येथेच या इतिहासातील सर्वांत दुःखद प्रकरण सुरू होते.

त्या औषधाचे नाव थोरोट्रास्ट. थोरियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण असलेले हे द्रव जर्मनीत तयार झाले आणि १९३० च्या आसपास वापरात आले. गुण पाहावेत तर एकाहून एक सरस. टोचताना दुखत नाही, लगेच कसली रिअॅक्शन येत नाही, आणि चित्र तर इतके स्वच्छ की पूर्वी कधी मिळाले नव्हते. मोनीश यांनीही १९३१ पासून तेच स्वीकारले. युरोप, अमेरिका, जपान असे ते सगळीकडे गेले. जपानमध्ये युद्धात जखमी झालेल्या सैनिकांना ते टोचले गेले. जगभरात ते लाखो लोकांच्या अंगात गेले.

दोष एवढाच होता, की थोरियम किरणोत्सर्गी आहे आणि शरीर ते बाहेर टाकू शकत नाही. मूत्रपिंडांतून ते गाळले जात नाही. यकृत, प्लीहा आणि हाडांतील मगज यांत ते जाऊन बसते ते कायमचे. थोरियम निम्मे व्हायला सुमारे १४०० कोटी वर्षे लागतात, म्हणजे माणसाच्या हिशेबात ते कमी होतच नाही. शेजारच्या पेशींवर आतल्या आत अल्फा किरणांचा मारा चालू राहतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या औषधविषयक परिषदेने १९३२ मध्येच धोक्याचा इशारा दिला होता. पण टेबलावरचा रुग्ण हसतखेळत घरी जात होता, मग वीस वर्षांनंतरचे कोण पाहतो? १९४७ मध्ये थोरोट्रास्ट दिलेल्या रुग्णाच्या यकृतातील कर्करोगाची नोंद प्रसिद्ध झाली, तरीही वापर बंद पडायला १९५० चे दशक उजाडावे लागले. पुढे जर्मनी, डेन्मार्क, पोर्तुगाल आणि जपान या देशांत, ज्यांना हे औषध दिले होते त्यांचा कित्येक दशके माग ठेवण्यात आला. यकृताचे आणि रक्ताचे कर्करोग त्यांच्यात इतरांपेक्षा कितीतरी अधिक निघाले, तेही बहुधा इंजेक्शननंतर वीस-तीस वर्षांनी.

हे प्रकरण मी मुद्दाम सविस्तर सांगितले. कारण आजही आपण घरी आलेल्या रुग्णाला ‘टोचताना काही त्रास झाला का?’ एवढेच विचारतो. थोरोट्रास्टने टोचताना त्रास दिलाच नव्हता. रंगाचा विचार करताना आत गेल्यावर तो लगेच काय करतो हे जसे पाहायचे, तसेच तो बाहेर पडतो की नाही, हेही पाहायचे. आजच्या आयोडीनयुक्त औषधांची मोठी जमेची बाजू येथे आहे. मूत्रपिंडे चांगली असतील तर त्यांतील निम्मे औषध सुमारे दोन तासांत लघवीवाटे निघून जाते, आणि चोवीस तासांत जवळजवळ सगळे. वर्षानुवर्षे आत राहून छळण्याचा प्रश्नच येत नाही.

आयोडीन मोकळे न देता एखाद्या सेंद्रिय रेणूला पक्के बांधून द्यावे, ही युक्ती १९२९ मध्ये जर्मनीत यशस्वी झाली. मोझेस स्विक हे तरुण अमेरिकन डॉक्टर तेव्हा तेथे काम करीत होते. युरोसिलेक्टन नावाचे असे औषध शिरेतून देऊन त्यांनी मूत्रमार्गाची चित्रे मिळवली. १९५० च्या दशकात याच वाटेने बेंझीनच्या एका कड्याला आयोडीनचे तीन अणू बांधलेली औषधे आली, आणि आजची औषधे त्याच घराण्यातील आहेत.

आकडेमोडीची सवय जडली आहे म्हणून येथे एक हिशेब मांडतो. हृदयाच्या अँजिओग्राफीला समजा ५० मिलिलिटर द्रव लागले आणि त्यात दर मिलिलिटरला ३५० मिलिग्रॅम आयोडीन असले, तर एकूण आयोडीन झाले साडेसतरा ग्रॅम. प्रौढ माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम. भागाकार करून पाहा. एका बैठकीत ३१९ वर्षांचे आयोडीन अंगात जाते! ते रेणूला बांधलेले असते म्हणूनच शरीराला त्याचा पत्ता लागत नाही आणि आले तसे ते निघून जाते. अगदी थोडे सुटे राहते, त्याचा संबंध थायरॉईडशी आहे, तो पुढे येईल.

याच औषधांच्या काळात हृदयाच्या अँजिओग्राफीचा जन्म झाला, तोही अपघाताने. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत थेट रंग गेला तर माणूस मरतो, अशी तेव्हाच्या डॉक्टरांची समजूत होती. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. मेसन सोन्स एका तरुण रुग्णाच्या महारोहिणीचे चित्र घेत असताना नळी सरकली आणि सगळा रंग हृदयाच्या उजव्या वाहिनीत गेला. हृदय थांबले. सोन्स यांनी त्याला जोरात खोकायला सांगितले. खोकल्याच्या दाबाने रंग पुढे सरकला आणि ठोके पुन्हा सुरू झाले. माणूस वाचला, आणि हे करता येते, हे जगाला कळले.

तरीही ही जुनी औषधे त्रासदायक होती. का, ते आपल्या स्वयंपाकघरात पाहता येते. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्या वेळात भांड्यात पाणी सुटते. मिठाचे कण फोडींतील पाणी बाहेर ओढून घेतात. जितके कण जास्त, तितकी ओढ जास्त. १९५० च्या दशकातील औषधे क्षारांच्या स्वरूपात होती, त्यामुळे पाण्यात त्यांच्या प्रत्येक रेणूचे दोन तुकडे होत. त्यांतील कणांची दाटी रक्ताच्या पाचपट किंवा त्याहूनही अधिक असे. असे द्रव रक्तात शिरले की रक्तपेशींतले आणि रक्तवाहिनीच्या अस्तरातले पाणी ओढले जाई. आग, वेदना, मळमळ, रक्तदाब एकदम खाली, हे सगळे त्यातून होई.

स्वीडनमधील मालमे येथील टॉरस्टेन आल्मेन या क्ष-किरणतज्ज्ञाला रुग्णांच्या या वेदना अस्वस्थ करीत. त्यांच्याविषयी असे सांगतात, की स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर खाऱ्या समुद्रात पोहताना त्यांचे डोळे चुरचुरत, आणि बाल्टिक समुद्राच्या कमी खारट पाण्यात तसे होत नसे. त्यावरून त्यांनी विचार केला, की जे डोळ्याचे तेच रक्तवाहिनीचे. औषधाचा रेणू पाण्यात फुटलाच नाही तर कण निम्मे होतील आणि आयोडीन तेवढेच राहील. औषध कंपन्यांनी सुरुवातीला दाद दिली नाही. नॉर्वेतील एका छोट्या कंपनीने मात्र ती कल्पना उचलली. १९६९ मध्ये आल्मेन यांचा लेख प्रसिद्ध झाला, १९७० च्या दशकात मेट्रिझामाइड हे पहिले औषध आले, आणि १९८० च्या दशकात आयोहेक्सॉल व आयोपामिडॉल ही आजही चालणारी औषधे आली. यांना नॉन-आयनिक म्हणतात. यांतील कणांची दाटी रक्ताच्या दुप्पट-अडीचपट भरते. पुढे आयोडिक्सॅनॉल आले, ते रक्ताच्या अगदी बरोबरीचे. आयोहेक्सॉल आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

फरक किती पडला? जपानमध्ये ३,३७,६४७ इंजेक्शनांची पाहणी झाली आणि ती १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. जुन्या आयनिक औषधांनी शंभरांतील १२.६६ जणांना काही ना काही त्रास झाला, नव्यांनी ३.१३ जणांना. गंभीर त्रास पाहिला तर जुन्यांत दहा हजारांत २२, नव्यांत ४. कारकुनी भाषेत सांगायचे तर खाते पूर्ण शून्यावर आले नाही, पण थकबाकी फारच उतरली.

मात्र नवे औषध जुन्यापेक्षा अनेक पटींनी महाग होते. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही १९८० आणि १९९० च्या दशकांत वाद झाला, की ते सर्वांना द्यावे की फक्त जास्त धोका असलेल्यांनाच. किंमती उतरत गेल्या तसा तो वाद मागे पडला. माझे मत विचाराल तर, ज्या औषधाने त्रास कमी होतो हे आकड्यांनी सिद्ध झाले आहे ते कोणाला मिळावे, हे खिशावरून ठरणे वाईटच. आज रक्तवाहिन्यांच्या अँजिओग्राफीसाठी नॉन-आयनिक औषधेच वापरतात, हा आपल्या पिढीचा फायदा आहे.

आता टेबलावर प्रत्यक्ष काय होते ते पाहू. रंग आत जाताच अंगभर गरम लाट आल्यासारखे वाटते, तोंडाला धातूची चव येते, पुष्कळांना लघवी झाली की काय असा भास होतो. हे सगळे मिनिटभरात ओसरते. ही रिअॅक्शन नव्हे. कोणी आधी सांगितले नाही तर माणूस घाबरतो, म्हणून येथे लिहिले.

खरी रिअॅक्शन म्हणजे अंगावर पित्त उठणे, खाज, डोळे-ओठ सुजणे, घसा आवळल्यासारखा होणे, धाप लागणे, चक्कर येणे. बहुतेक वेळा ती पहिल्या वीस मिनिटांत कळते, म्हणून इंजेक्शननंतर काही वेळ बसवून ठेवतात. घरी जायची घाई करून ही वेळ चुकवू नये. गंभीर रिअॅक्शनवर पहिले औषध अॅड्रिनॅलिन, आणि ते हाताशी असले तर बहुतेक रुग्ण सावरतात. ज्याला पूर्वी एकदा अशाच रंगाची रिअॅक्शन आली आहे, त्याला ती पुन्हा येण्याची शक्यता इतरांहून बरीच जास्त असते. दमा किंवा इतर अॅलर्जी असणाऱ्यांनाही थोडी जास्त. हे आधी सांगितले तर डॉक्टर दुसऱ्या नावाचे औषध निवडतात, काही तास आधीपासून स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू करतात, किंवा वेगळीच तपासणी सुचवतात. आणि हे सांगायचे असते ते आदल्या दिवशी. टेबलावर झोपल्यावर सांगितले तर गोळ्यांना वेळच उरत नाही.

पुष्कळ लोक ‘टेस्ट डोस दिला ना?’ असे विचारून निश्चिंत होतात. पेनिसिलिनच्या काळापासून ती सवय लागली आहे. परंतु या रंगाच्या बाबतीत थेंबभर टोचून पाहण्याचा उपयोग नाही, हे आता मान्य झाले आहे. चाचणीत काही न होता पूर्ण डोसला गंभीर रिअॅक्शन आल्याची उदाहरणे आहेत, आणि उलट त्या थेंबानेच त्रास झाल्याचीही आहेत.

दुसरी समजूत मासळीची. कोळंबी किंवा खेकडे खाल्ल्यावर अंगावर पित्त उठते, म्हणून आयोडीनचा रंग चालणार नाही, असे कोकणपट्टीत सर्रास सांगितले जाते. त्यात तथ्य नाही. कोळंबी-खेकड्यांची अॅलर्जी त्यांतील ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनाची असते, आयोडीनची नव्हे. आयोडीनची अॅलर्जी असती तर आयोडीनयुक्त मीठ कसे पचले असते? मासळीची अॅलर्जी इतर कोणत्याही अॅलर्जीसारखी सांगावी जरूर, पण तिच्यापायी तपासणी नाकारू नये.

आता मुख्य भीती, किडनीची. हा रंग मूत्रपिंडांतूनच बाहेर पडतो, तेव्हा शंका येणे स्वाभाविक आहे. रंग दिल्यानंतर दोन-तीन दिवसांत काहींच्या रक्तातील क्रिएटिनिन वाढते, हे डॉक्टरांनी फार पूर्वीपासून पाहिले आहे. मात्र जुन्या बहुतेक पाहण्यांत एक उणीव होती. रंग न दिलेल्या रुग्णांशी तुलना केलेली नव्हती. अलीकडे सी.टी. स्कॅनच्या बाबतीत तशी तुलना झाली, तेव्हा असे दिसले की रंग न दिलेल्या आजारी माणसांचेही क्रिएटिनिन जवळजवळ तेवढेच वर-खाली होते. रुग्णालयात दाखल होणारा माणूस आजारीच असतो. जंतुसंसर्ग, हृदयाची कमजोरी, जुलाब, वेदनाशामक गोळ्या, यांपैकी कशानेही मूत्रपिंडे मंदावतात आणि खापर रंगावर फुटते. नळी घालून केलेल्या अँजिओग्राफीत आणखी एक कारण असते. महारोहिणीतील चरबीचे बारीक कण सुटून मूत्रपिंडांत अडकू शकतात. २०२० मध्ये अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांची आणि मूत्रपिंडविषयक संस्था यांनी मिळून जाहीर केले, की शिरेतून दिलेल्या रंगाचा मूत्रपिंडांना असलेला धोका आजवर वाढवून सांगितला गेला.

तरी हा धोका शून्य झालेला नाही. ज्यांची मूत्रपिंडे आधीच बरीच दुबळी आहेत त्यांनी खरी काळजी घ्यायची आहे. म्हणून तपासणीपूर्वी क्रिएटिनिन करतात आणि त्यावरून, वय व स्त्री-पुरुष हे धरून, ई.जी.एफ.आर. नावाचा आकडा काढतात. तो ३० च्या खाली असेल तर विशेष सावधगिरी. नुसत्या क्रिएटिनिनवर जाऊ नये, कारण १.४ हा आकडा पंचविशीतल्या तरुणाला वेगळा आणि सत्तरीतल्या आजींना वेगळा. आजींच्या बाबतीत त्याचा अर्थ मूत्रपिंडे बरीच मंदावली आहेत, असा होतो. अशा रुग्णांना शिरेतून सलाईन देतात, आणि रंग लागेल तेवढाच, कमीत कमी वापरतात. सलाईनऐवजी सोडा-बायकार्बोनेट किंवा जोडीला अॅसिटिलसिस्टिनच्या गोळ्या द्याव्यात का, हा प्रश्न बरीच वर्षे चालला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे पाच हजार रुग्णांच्या मोठ्या चाचणीत दोन्हींचा अधिक उपयोग दिसला नाही. साधे मिठाचे पाणीच पुरले.

घरच्या माणसांनी लक्ष घालायचे ते येथे. तपासणी म्हणून आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेता, तहानलेल्या अवस्थेत रुग्णाला नेऊ नये. पाणी किती आणि केव्हापर्यंत चालेल, हे विचारून घ्यावे, कारण हृदय कमजोर असेल तर जास्त पाणीही चालत नाही. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या चालू असतील तर त्या लपवू नयेत. त्या मूत्रपिंडांना त्रासदायक असतात आणि घरातली वडीलधारी माणसे त्या ‘औषधात’ धरतच नाहीत.

मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीचा घोळही असाच आहे. रंग आणि मेटफॉर्मिन यांचे आपसात भांडण नाही. मूत्रपिंडे मंदावली तर मेटफॉर्मिन अंगात साठते आणि रक्तात लॅक्टिक आम्ल वाढू शकते, हा धोका आहे. म्हणून मूत्रपिंडे दुबळी असतील किंवा नळीची अँजिओग्राफी असेल तर ती गोळी त्या वेळेपासून ४८ तास थांबवून, मूत्रपिंडे ठीक असल्याची खात्री करून पुन्हा सुरू करण्याची पद्धत आहे. मूत्रपिंडे चांगली असून साधा शिरेतला सी.टी. असेल तर बहुधा थांबवावी लागत नाही. कोणाला काय लागू, हे डॉक्टरच सांगतील. शेजाऱ्याची थांबवली म्हणून आपली थांबवू नये, आणि थांबवलेली पुन्हा सुरू करायला विसरू नये.

थायरॉईड वाढलेला असेल किंवा त्याची औषधे चालू असतील तर तेही सांगावे. वर म्हटलेले थोडेसे सुटे आयोडीन त्या ग्रंथीला पोहोचते आणि काहींच्या बाबतीत ती काही आठवड्यांनी बिघडू शकते. अंगावर पाजणाऱ्या आयांनी मात्र घाबरू नये. रंगाचा अगदी नगण्य अंश दुधात उतरतो आणि त्यातलाही फारच थोडा बाळाच्या पोटातून रक्तात जातो, त्यामुळे दूध तोडण्याची गरज नसते.

कित्येकदा ‘आयोडीन नको, एम.आर.आय. करू’ असा सल्ला नातेवाईकच देतात. एम.आर.आय.मधल्या रंगात आयोडीन नसते, गॅडोलिनियम नावाचा धातू असतो. १९८८ पासून तो वापरात आहे आणि रिअॅक्शनच्या दृष्टीने आयोडीनहूनही सौम्य आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनाही तो चालतो, असे बरीच वर्षे मानले जात होते. १९९७ पासून डायलिसिसवरील काही रुग्णांची कातडी लाकडासारखी कडक होऊ लागल्याचे अमेरिकेत दिसू लागले. त्याचा संबंध या धातूशी आहे, हे कळायला २००६ साल उजाडले. कोणत्या रचनेच्या औषधातून हा धातू सहज सुटतो हेही मग समजले. २०१७ मध्ये युरोपात तशा अनेक औषधांवर निर्बंध आले, आणि आज नवी औषधे वापरल्यावर तो विकार अतिशय विरळा झाला आहे. थोरोट्रास्टइतका उशीर या वेळी झाला नाही, एवढेच समाधान. काही रक्तवाहिन्यांचे, विशेषतः मेंदूतील, एम.आर.आय. चित्र कोणताही रंग न देता काढता येते. मूत्रपिंडे फारच खराब असतील तर तशी सोय आहे का, हे विचारायला हरकत नाही. पायाच्या रक्तवाहिन्यांसाठी काही ठिकाणी कार्बन डायऑक्साइड वायूही वापरतात. तो श्वासावाटे निघून जातो.

आता राहिले संमतीपत्र. आमच्याकडे काउंटरवर लोक कर्जाच्या कागदांवर जशा सह्या करतात, तशाच रुग्णालयातही करतात. कागद उलटायचा, बोटाने दाखवलेल्या जागी सही करायची, पुढचा कागद. या कागदात पूर्वीच्या रिअॅक्शनविषयी, दम्याविषयी, मूत्रपिंडांविषयी, मधुमेहाच्या गोळ्यांविषयी प्रश्न असतात आणि घाईत सगळीकडे ‘नाही’ अशी खूण होते. कागद इंग्रजीत असेल तर मराठीत सांगा, असे परिचारिकेला बिनदिक्कत म्हणावे. बहुतेक सांगतात. वयस्कर रुग्णासोबत जाणाऱ्याने जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून न्यावीत. नावे आठवण्यापेक्षा ते सोपे पडते.

घरी आल्यावर एक-दोन दिवस लघवीवर लक्ष असू द्यावे. ती फार कमी झाली तर कळवावे. आठवडाभरात अंगावर पुरळ उठले तरी ते रंगाचे असू शकते. बहुधा ते आपोआप जाते, तरी डॉक्टरांना सांगावे. मूत्रपिंडे आधीच दुबळी असतील तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा क्रिएटिनिन करायला सांगतात, ते ‘आता बरे वाटते’ म्हणून टाळू नये. आणि डिस्चार्ज कार्डावर कोणता रंग, किती मिलिलिटर दिला हे लिहिलेले नसेल तर निघण्यापूर्वी लिहून मागावे. काही त्रास झाला असेल तर त्याच ओळीत तोही, तारखेसह. पुढच्या वेळी दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरसमोर ‘मागे काहीतरी झाले होते, पण कशाने ते माहीत नाही’ असे सांगावे लागणार नाही.